कुणाच्या ताटातलं दिलं?

राखेचा बुधवार होऊन उपवासकाळ लागला की या सदराला पत्रांचा नुसता पूर येतो, बाकी वर्षभर महिन्याला पाच-सहा ईमेल, आणि त्यातले निम्मे बाप्तिस्म्याचा दाखला कुठे मिळेल असे. या वेळी बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत: गरिबाला द्यायचं म्हणजे किती, कसं, आणि मुख्य म्हणजे कुठून. मी धर्मगुरू नाही हे दरवर्षी सांगतो, यंदाही सांगतो. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो, आणि आमच्या धर्मग्रामातल्या विन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेतर्फे वीसेक वर्षं घरभेटी केल्यात, एवढंच भांडवल. नावं सगळ्यांची काढून टाकलीयत, गावं ठेवलीयत.

प्रश्न: सर, माझ्या मिस्टरांना सगळे देवमाणूस म्हणतात. दारात आलेला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून 80 हजार दिले, मला दोन महिन्यांनी कळलं. हप्ते सुरू झाले, मुलीच्या बारावीच्या क्लासची फी थकली आणि शेवटी माझ्या पाटल्या गेल्या. काही बोलले तर म्हणतात, येशूने क्रूसावर जीव दिला आणि तू पाटल्यांसाठी रडतेस. मी खरंच स्वार्थी आहे का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर: नाही हो ताई. आधी हे वाचून घ्या आणि मग बाकीचं.

पाटल्या कुणाच्या होत्या? तुमच्या. क्लास कुणाचा थांबला? मुलीचा. मग या सगळ्यात मिस्टरांचं स्वतःचं असं नेमकं काय गेलं ते मला तुमच्या पत्रात सापडलं नाही, उलट देवमाणूस ही पदवी तेवढी त्यांना मिळाली. येशूने जीव दिला हे खरंच आहे, पण तो स्वतःचा दिला ना, पेत्राच्या सासूचा नाही दिला.

मी चेष्टा करत नाहीये. मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात कुर्बानचा किस्सा आहे तो मिस्टरांना वाचायला द्या. तेव्हा अशी सोय होती की माणसाने आपली मालमत्ता 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण म्हणून जाहीर केली की म्हाताऱ्या आईबापांना त्यातलं काही द्यायची जबाबदारी संपली, देवाचं नाव पुढे केल्यावर विचारणार कोण, आणि येशू या गोष्टीवर भयंकर चिडलाय, तुम्ही तुमच्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता इथपर्यंत बोललाय. प्रेषित पौल तर आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. आणि करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतानाही पौल स्पष्ट करतो की त्यांचं ओझं हलकं व्हावं म्हणून तुम्ही चेंगरावं असं मी म्हणत नाही, बरोबरी व्हावी म्हणतो.

आता मिस्टर तुम्हाला विधवेची गोष्ट ऐकवतील, तिने होत्या नव्हत्या त्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, दानपेटीत टाकल्या ती. ऐकवू द्या. मग त्यांना म्हणा, त्याच्या वरची ओळ पण वाचा. गोष्ट सुरू होण्याच्या जरा आधी येशू शास्त्री लोकांना झोडतोय, हे विधवांची घरं गिळतात म्हणून, आणि लगेच एक विधवा येऊन आपलं सगळं टाकून जाते. मला तरी त्यात नुसतं कौतुक ऐकू येत नाही, तिच्याकडे दोनच टोल्या का उरल्या हा सवालही ऐकू येतो. आणि टोल्या तिच्या स्वतःच्या होत्या.

मिस्टर वाईट नाहीत, उलट खूप चांगले असणार, फक्त 'नाही' म्हणायला घाबरतात, असले लोक मी आमच्या सोसायटीत ढिगाने पाहिलेत आणि त्यातला एक रोज आरशातही दिसतो. त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगा. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा अगदी गरिबांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, झेरॉक्सा, हॉस्पिटलातल्या समाजसेवकाच्या टेबलापुढे तासन् तास, साहेब जेवायला गेलेत, उद्या या, असल्या चार-पाच चकरा माराव्या लागतात. पतपेढीचा फॉर्म भरण्याआधी त्या चकरा मारल्या असत्या तर 80 हजारांतले बरेच वाचले असते कदाचित. पण चकरा मारणाऱ्याला कुणी देवमाणूस म्हणत नाही, तिथेच सगळी गोम आहे.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोघं बसा, महिन्याला किती द्यायचं ते ठरवा, एका डब्यात ठेवा. डबा संपला की येणाऱ्याला पैसे नाहीत, वेळ द्यायचा. आणि पुढची पाटली त्यांच्या सिगारेटीच्या, पेट्रोलच्या, मोबाइलच्या खर्चातून परत यायला पाहिजे, हे माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

प्रश्न: माझा पगार ग्रॉस 71 हजार, इन हँड 62. दशमांश कशावर काढायचा? आणि पूर्ण चर्चलाच द्यायचा की डायरेक्ट गरिबाला दिला तर चालतो? (एक आयटीवाला, पिंपरी)

उत्तर: मित्रा, परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे लोक, पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दहावा भाग मोजून द्यायचे. येशूने त्यांना मोजणं सोडा असं नाही सांगितलं, पण न्याय आणि दया ही मोठी कलमं तुम्ही हिशोबातून वगळलीत असं सुनावलं. तेव्हा ग्रॉस की नेट यात मी पडत नाही, फरक महिन्याला 900 रुपयांचा आहे, तुझा पिझ्झा वजा कर आणि ग्रॉसवर काढ.

चर्च की गरीब, तर बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावाच्या वेशीच्या आत साठवायचा आणि तो लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचा अशी व्यवस्थाच लावून दिलीय. म्हणजे एकाच टोपलीतून दोघं जेवायचे. तुझ्या चर्चच्या वार्षिक हिशोबात दुसऱ्यांचं ताट दिसतं का ते बघ, दिसत नसेल तर मीटिंगमध्ये उभा राहून विचार, नंतर पार्किंगमध्ये कुजबुजू नको.

आणि एक विचारू का, तुझ्या फ्लॅटवर भांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला? याकोबाच्या पत्रात मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय. दहा टक्क्यांचा हिशोब त्याच्यानंतरचा.

प्रश्न: आम्ही वसईकडचे. आजोबांची केळीची वाडी होती. विहिरीचं पाणी मचूळ झालं, पोरं मुंबईला नोकऱ्या करतात, म्हणून तिघा भावांनी मिळून विकली. माझ्या वाट्याला बऱ्यापैकी रक्कम आली. देवळाला घंटा देणार आहे आणि अनाथाश्रमाला वर्षाचं जेवण. पण वाडीत विहिरीच्या मागे एक आदिवासी कुटुंब तीन पिढ्या झोपडं बांधून राहत होतं, आमच्याकडेच कामाला. बिल्डरला जागा मोकळी हवी होती, आम्ही 20 हजार देऊन त्यांना उठवलं. मिसेस म्हणते आपण त्यांचं काही देणं लागत नाही, त्यांनी कधी भाडं दिलं नव्हतं. पण मला रात्री झोप लागत नाही. (एक वाचक, वसई तालुका)

उत्तर: भाऊ, घंटेची ऑर्डर दिली असेल तर आजच्या आज थांबवा.

जक्कय आठवतो ना, उंबराच्या झाडावर चढलेला जकातदार. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि हा उभा राहून दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलला: माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. पहिलं दान, दुसरं देणं. आपण ख्रिस्ती लोक पहिल्यात पटाईत, देवळात पाटी लागते, फादर अल्तारावरून नाव घेतात. दुसऱ्याची पाटी कोण लावणार? घंटा आणि अनाथाश्रम हे पहिल्या खात्यातलं आणि विहिरीमागचं झोपडं दुसऱ्या खात्यातलं, आणि तुमची झोप बरोबर खात्यावर उडालीय.

चौथ्या शतकात कॅपाडोशियात, म्हणजे आताच्या तुर्कस्तानात, मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिथले धर्मगुरू, पुढे बिशप झालेले बेझिल धान्याची कोठारं भरून बसलेल्या श्रीमंतांना काय म्हणाले त्याचा भावार्थ सांगतो. तू डांबून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतलं कापड उघड्याचं आहे, तुझ्याकडे कुजत पडलेल्या चपला अनवाण्याच्या आहेत. गंमत बघा, त्यांना तू दे असं म्हणून भागलं असतं, पण ते त्यांचंच आहे म्हणाले. पुढे याच माणसाने शहराबाहेर आजारी आणि निराधार लोकांसाठी एवढी मोठी वसाहत उभी केली की तिला त्यांचंच नाव पडलं.

आता भाड्याचं. केळीचं लोंगर कापून खांद्यावर कुणी आणलं? भर दुपारी चारी कुणी फोडली, पावसाळ्यात बांध कुणी घातला, तुमच्या घरातलं लग्न असलं की मांडवाचे बांबू कुणी रोवले? आणि त्या बदल्यात तीन पिढ्यांत त्यांना पगारी रजा, फंड, बोनस यातलं काय मिळालं ते मिसेसना विचारा, मग भाड्याचा हिशोब मांडा. मला तर भीती आहे बाकी तुमच्याच अंगावर निघेल.

घाटावरच्या वाचकांना सरवा माहीत असेल. भुईमूग, ज्वारी काढून झाली की रानात जे मागे राहतं ते गोरगरिबांनी वेचायचं, तो सरवा. बायबलमधली गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचायला गेली तो सरवाच. बायबलच्या 'लेवीय' पुस्तकात सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, पडलेलं वेचू नका, आणि अनुवादात त्याच्याही पुढे जाऊन, पेंढी शेतात विसरली तर आणायला माघारी जाऊ नका, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मालक कुणाला हातात काही देतच नाही. तो फक्त माघारी जात नाही. वेचणारी बाई येते, वाकते, ओटी भरते आणि कुणाचे आभार न मानता घरी जाते, तिचा तेवढा हक्क त्या रानात असतोच. तुम्ही मात्र कडेपर्यंत कापलंत भाऊ, झोपड्यासकट. हे मी तुम्हाला एकट्याला म्हणत नाहीये. 1988 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो वगैरे मंडळींनी हरित वसई संरक्षण समिती काढली तेव्हा जमीन, झाडं आणि पाणी वाचवायला आपलेच लोक रस्त्यावर उतरले आणि आता आपलेच सात-बारा घेऊन बिल्डरच्या ऑफिसात एसीत बसतात, मीही एका तुकड्यावर सही केलीय, लपवत नाही. आमच्या तुकड्यावर झोपडं नव्हतं एवढंच, आणि ते माझं नशीब, पुण्य नाही.

काय करायचं? आधी त्यांना शोधा. 20 हजारात माणूस कुठे जातो, महामार्गाच्या पलीकडे कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याशी नाहीतर वीटभट्टीवर. बरोबर मिसेसना घ्या आणि पाकीट नेऊ नका. बसा, चहा दिला तर प्या, आणि तुम्हाला काय हवंय हे विचारा, तुम्ही ठरवून जाऊ नका. पोरांची शाळा सुटली असेल, रेशनकार्डावरचा पत्ता तुमच्या वाडीचा असेल, जातीच्या दाखल्याला पुरावा लागत असेल आणि तो तुमच्या जुन्या कागदांत सापडेल. पक्क्या छपराची एक खोली, त्यांच्या, आणि शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर, कागद पक्का करून. भावांना हिस्सा मागा, नाही दिला तर तुमच्या हिश्श्यातून. घंटेपेक्षा महाग जाणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. आणि चांगल्या वकिलाला विचारा, कारण जे तुम्ही मेहेरबानी समजून देणार आहात ते कायद्यानेच त्यांचं निघायची शक्यता आहे.

पेढे वगैरे नेऊ नका.

प्रश्न: आमच्या युवा संघाने उपवासकाळात 60 कुटुंबांना रेशन किट दिले आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. एका सिस्टरने झापलं. पण फोटो टाकल्याशिवाय देणगीदार पैसे देत नाहीत, मग आमचं काय चुकलं? (युवा संघाचा सेक्रेटरी, ठाणे)

उत्तर: सिस्टर बरोबर आहेत. पण मी तुला झापणार नाही, माझंच एक सांगतो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी वाटत होतो, अंतर ठेवून चुन्याचे गोल आखलेले, मागे बॅनर, आणि मोबाइल माझ्या हातात. रांगेत अकराव्या की बाराव्या गोलात आमचा टेलर उभा होता, माझ्या लग्नाचा सूट ज्याने शिवला तो. त्याने मोबाइल बघितला, मला बघितलं, आणि काहीतरी विसरल्यासारखं खिसे चाचपत हळूच रांगेतून निघून गेला. दुकान तीन महिने बंद होतं त्याचं. रात्री पिशवी घेऊन घरी गेलो तर त्याची बायको दारातच म्हणाली, शिवायचं काही असलं तर द्या हो, हे असं नको. मी परत आलो, घरातले सगळे पडदे काढले, धडधाकट होते, आणि नेऊन दिले. नवीन शिवून आले ते दोन इंच आखूड झालेत. अजून तेच लावतो.

आमच्या सोसायटीचा जन्म कसा झाला माहितीय? 1833, पॅरिस, फ्रेडरिक ओझानाम नावाचा कॉलेजचा पोरगा, वय 20, म्हणजे तुझ्याएवढाच. वादविवादात कुणीतरी हिणवलं की तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज काय करता ते दाखवा. हा आणि त्याचे मित्र गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली यांना जाऊन भेटले आणि त्यांनी या पोरांना घरोघरी जायला शिकवलं. तेव्हापासूनची पद्धत म्हणजे दोघांनी मिळून जायचं, बसायचं, ऐकायचं, आणि कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. सभेत पैशाची पिशवी फिरते तीसुद्धा अशी की कुणी किती टाकले ते शेजाऱ्याला कळू नये. डाव्या हाताला कळू नये म्हणतात ते असं, आणि तू डाव्या हातातच मोबाइल दिलास.

देणगीदारांना तांदळाच्या पोत्यांचा फोटो टाक, बिलं टाक, एकूण कुटुंबं किती ते टाक. पोत्याला लाज नसते. तेवढ्यावर जो देत नाही त्याला किट नको होतं, चेहरा हवा होता. आणि आधीच्या पोस्ट डिलीट कर, आज रात्रीच.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही, तुमचं मासिक ऑफिसातल्या मित्राकडे वाचतो. राग मानू नका, पण तुमची गरिबांची सेवा शेवटी धर्म वाढवण्यासाठीच असते ना? भाकरी देऊन बाटवलं असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: राग कसला, सरळ विचारलंत हे बरं केलंत, आमच्यातले पुष्कळ हा प्रश्न ऐकू आला की एकदम मदर तेरेसांचा फोटो पुढे करतात.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ, पंडिता रमाबाई. योगायोग असा की त्यांचा आणि वरच्या ओझानामचा वाढदिवस एकच, 23 एप्रिल, मध्ये 45 वर्षांचं अंतर. लहानपणी पुराणं सांगत देशभर हिंडणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी, दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेलेली बघितली. म्हणजे भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, 1889 ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी पुण्याला नेलं. आणि 1893 मध्ये तुमचा हाच प्रश्न पेटला, मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, केसरीने धारेवर धरलं. बाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण प्रार्थना करताना माझ्या खोलीचं दारही लावून घेणार नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली, बायका केडगावला घेऊन आल्या, मुक्ती मिशन म्हणतो ते हेच. तिथे शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, त्याचे खिळे जुळवणाऱ्याही याच बायका. आणि हो, मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या खूप जणींनी बाप्तिस्मा घेतला. भुकेने अर्धमेली दहा वर्षांची पोर जिथे वाचते तिथलाच देव तिला आपला वाटणार, यात तिची निवड किती आणि परिस्थिती किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही. हा प्रश्न खोटा आहे असं आमचे लोक म्हणतात तेव्हा मला पटत नाही. तसंच भाकरी देऊन बाटवलं म्हणणाऱ्यांना माझा एक उलटा प्रश्न असतो, की तेव्हा भाकरी घेऊन दुसरं कोण आलं होतं आणि त्यांनी तिला अंगणातून घरात घेतलं असतं का?

माझ्यापुरती कसोटी लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीचा. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं खरं, वाईटही वाटलं असणार. पण त्या नऊ जणांचा रोग परत आणला नाही. आमची मदत घेऊन तुम्ही आमच्या देवळाकडे आयुष्यभर पाठ केली तरी महिन्याची पिशवी आली पाहिजे, आणि येत नसेल तर तुमचा आरोप त्या ठिकाणी खरा आहे. आमच्या यादीत यंदा निम्म्याहून जास्त घरं ख्रिस्ती नाहीत. एका घरी गेलो की आजी विठोबाच्या फोटोखाली बसवून चहा देतात आणि जाताना आमच्याच हातावर दोन केळी ठेवतात, त्यांना नाही म्हणायची माझी टाप नाही.

प्रश्न: मी एका मिशन हॉस्पिटलमध्ये 14 वर्षं नर्स आहे. स्टाफ कमी, डबल ड्युटी नेहमीची. सुट्टी मागितली की सेवा म्हणून आलीस ना असं ऐकवतात. हल्ली पेशंटवर ओरडते, नंतर टॉयलेटमध्ये जाऊन रडते. थांबले तर पाप लागेल का? (एक सिस्टर, नन नाही, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर: पाप लागलंच तर ड्युटी चार्ट बनवणाऱ्याला लागेल.

लहानपणापासून आपल्याला फादर डेमियनची गोष्ट सांगतात. बेल्जियमचे, 1873 मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर गेले, सरकार कुष्ठरोग्यांना नेऊन टाकायचं तिथे. त्यांच्या जखमा धुतल्या, घरं बांधली, शवपेट्या ठोकल्या, त्यांच्याच ताटात जेवले, शेवटी स्वतःला रोग झाला आणि 1889 मध्ये 49 व्या वर्षी गेले. त्या माणसाबद्दल एक शब्द कमी बोलायची माझी लायकी नाही. तेव्हा औषधच नव्हतं, आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

पण त्याच बेटावरची दुसरी गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. मदर मरियान कोप, अमेरिकेतून आलेल्या, हॉस्पिटल चालवण्यात मुरलेल्या. 1888 मध्ये, डेमियन जायच्या आदल्या वर्षी, तिथे पोचल्या आणि पुढची 30 वर्षं तिथेच राहिल्या. त्यांचा आपल्या सिस्टरांना दंडक काय, तर हात धुवा, स्वच्छता पाळा, नियम मोडू नका. त्यांच्या एकाही सिस्टरला तो रोग झाला नाही. स्वतः 80 व्या वर्षी, 1918 मध्ये गेल्या. चर्चने डेमियनना 2009 मध्ये संत जाहीर केलं आणि मरियानना 2012 मध्ये, दोघंही त्याच अल्तारावर. पण व्यवस्थापनाला प्रवचनात डेमियनच आठवतात, कारण त्यांना सुट्टी द्यावी लागत नाही. 16 वर्षं आणि 30 वर्षं, पेशंटच्या बाजूने हिशोब करून बघा तुम्हीच.

येशू पण वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, मार्कने उशीचासुद्धा उल्लेख केलाय. आणि शिष्यांना जेवायला फुरसत मिळेना तेव्हा त्यानेच म्हटलं, चला जरा बाजूला, विसावा घ्या.

सेवा म्हणून आलीस ना, असं परत कुणी म्हटलं तर हो म्हणा, आणि पेशंटची सेवा झोप पुरी झालेली नर्सच नीट करते म्हणून तर रजा मागतेय म्हणा. जमलं तर आणखी दोघी-तिघींना घेऊन एकत्र जा, एकटीला गप्प करणं सोपं असतं, आणि डबल ड्युटीच्या तारखा एका वहीत लिहून न्या. पेशंटवर ओरडलात त्यातला एखादा अजून वॉर्डात असेल तर त्याच्या कॉटपाशी दोन मिनिटं उभ्या राहा, सॉरी म्हणा, पेशंट लोक आपल्यापेक्षा लवकर विसरतात. आणि अर्ज सोमवारीच द्या, निदान दहा दिवसांचा. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहू नका, 'विश्रांती' लिहा.